हेडमास्तरांचे सोळा अंश

गोल्फच्या सरावमैदानावर जाळी लावलेल्या खोलीत एक बाई बसते. तिला सगळे मशीनताई म्हणतात. आधी तिनं अठरा वर्षं शाळेचे गणवेश शिवले. गुडघे कुरकुरायला लागले तसं ते पायानं चालवायचं मशीन सोडलं आणि हे धरलं. हे मशीन चेंडूवर नजर ठेवतं: सुटला किती वेगात, उडाला किती अंशांत, पडला कुठं. बाईनं कधी काठी हातात धरली नाही, पण चार वर्षं आकडे बघून नुसत्या आवाजावरून सांगते, "हा खालून गेला."

एका शुक्रवारी निवृत्त हेडमास्तर घामाघूम होऊन चेंडू बडवत होते. रविवारी व्याह्यांबरोबर खेळायचं होतं. सातव्या होलला तळं आडवं. सलग तीन रविवार मास्तरांचा चेंडू त्यात बुडाला आणि व्याही मागून म्हणाले, "माशांची सोय झाली." लेकीचा सासरा, उलट बोलायची सोय नाही. आता एकदा, फक्त एकदा, चेंडू पलीकडे पडायला हवा होता.

भिंतीवर कसलेल्या खेळाडूंचा तक्ता होता. त्यात चेंडू उडायचा कोन अकरा अंश. मास्तरांनी मारूनमुटकून आपला कोन बरोब्बर अकरावर आणला. चेंडू एकशे पंधरा मीटरवर जाऊन बदकन पडला. तळ्याला एकशे तीस लागतात.

"अजून जोर लावतो."

"जोरानं कंबर जाईल सर, चेंडू नाही," ताई म्हणाली. "त्या तक्त्यातल्यांचा चेंडू ताशी पावणेतीनशेनं सुटतो. तुमचा एकशे पासष्टनं. पैलवानाचा सदरा सातवीतल्या पोराला चढवून कसं चालेल?"

"मी सातवीतला?"

"वेगानं हो. अकलेनं नाही म्हणत."

मास्तरांच्या मिशा हलल्या. ताईनं आपली वही उघडली. "नवखे पंचवीस अंशांत मारतात. चेंडू आभाळात जातो आणि पुढ्यातच येतो. कसलेल्यांना अकरा पुरतात, कारण वेगच चेंडू हवेत धरून ठेवतो. तुमचा लवकर दमतो, म्हणून त्याला आधी वर चढवायचा. सोळा. चेंडू खुंटीवर जरा उंच ठेवा आणि ही जास्त तिरक्या तोंडाची काठी घ्या."

"ही तर बायकांची!"

"काठीनं विचारलंय का, कोण मारतंय म्हणून?"

मास्तरांनी इकडंतिकडं बघितलं आणि मारला. सोळा अंश. एकशे अडतीस मीटर.

"मशीन बिघडलं."

"मग बिघडलेलंच असू द्या. मारा."

सहातले पाच तळ्याच्या मापापलीकडे पडले.

रविवारी तळ्याच्या काठावर व्याह्यांनी ती काठी हेरलीच. "मास्तर, वहिनींची पळवली काय?"

मास्तरांनी चेंडू खुंटीवर जरा उंच ठेवला आणि मारला. चेंडू उडाला तो वर, आणखी वर.

"कावळे पाडताय होय?" व्याही म्हणाले.

चेंडू पाण्यापलीकडच्या गवतात टपकला. काठापासून जेमतेम चार हात. व्याह्यांनी टाचा उंचावून तिकडं बघितलं. मग खाकरून म्हणाले, "वारा होता."

झाडाचं पान हलत नव्हतं.

खेळ संपला, जेवणं झाली, तसा मास्तरांनी ताईला फोन लावला. "पडला! पलीकडं!"

"वा! आणि जिंकलं कोण?"

"व्याही," मास्तर खुशीत म्हणाले. "पण ते आज जेवताना एक शब्द बोलले नाहीत."