वसतिगृहाच्या हॉलमधले कॉम्प्युटर

भंगारात निघालेल्या मालावर राग धरायचा नसतो, असं चाचा म्हणतात. नांदेडात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि मागच्या गल्लीत चाचांचं भंगाराचं गोदाम, त्यांच्या वडिलांपासूनचं. कुठं जुने कॉम्प्युटर निघाले की ते मला हाक मारतात. मी माल बघते, जीव असलेले वेगळे काढते, दुरुस्त करून विकते. येईल त्यात दोघांची निम्मी पाती. इतक्या वर्षांत आमचं कधी वाजलं नव्हतं. लातूरच्या मालावरून वाजलं.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा निरोप आला. लातूरकडची एक शिक्षण संस्था तिचं जुनं वसतिगृह पाडत होती. वरच्या हॉलमध्ये कॉम्प्युटर भरून ठेवलेले, दोन दिवसांत उचलायचे. संस्थेचं नाव ऐकलं आणि माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच राहिला. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी याच संस्थेच्या शाळेत, नायगाव तालुक्यातल्या एका खेड्यात, कंत्राटी संगणक शिक्षिका होते. तीन वर्षं होते. त्या तीन वर्षांत शाळेत संगणक आला नाही. मी पुठ्ठ्यावर कीबोर्ड आखून पोरींची बोटं त्यावर ठेवून घ्यायचे. मॉनिटर फळ्यावर काढायचे. चौथ्या वर्षी विषयाला प्रतिसाद नाही असं लिहून मला काढून टाकलं.

चाचांना यातलं काही सांगितलं नाही. लोहा, अहमदपूर करत टेम्पोतून गेलो. संस्थेचा कारकून आमची वाट बघत होता. निवृत्तीला आलेला, बोलका माणूस. त्यानं कुलूप उघडलं. मला वाटलं होतं फुटके मॉनिटर, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी असतील. उंदरांच्या लेंड्या होत्याच. पण हॉलभर भिंतीला लावून खोकी होती, छातीएवढी रचलेली, आणि बहुतेक खोक्यांची चिकटपट्टी तुटलेली नव्हती. आतले कॉम्प्युटर कधी सॉकेटला लागलेच नव्हते.

प्रत्येक खोक्यावर एक चिठ्ठी होती. चिठ्ठीवर गावाचं नाव.

मी एकेक वाचत गेले. काही गावं माझ्या माहितीतली होती, काही किनवटकडची, काही देगलूरच्या अंगाची. खिडकीखालच्या थप्पीवर आमच्या शाळेचं गाव होतं. दहा खोकी. वरच्या खोक्यावर प्लास्टिकच्या पिशवीत घालून माल पोचल्याचं चलन चिकटवलेलं. मी पिशवी फाडली. ‘वरील साहित्य सुस्थितीत मिळाले.’ खाली मुख्याध्यापकांची सही आणि त्याखाली संगणक शिक्षिका म्हणून माझी.

ती सही मी विसरले होते म्हटलं तर खोटं ठरेल. नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात मुख्याध्यापकांनी कागद पुढं सरकवला होता. सही आधी लागते, माल पुढच्या महिन्यात येतो, सही नसली तर परत जातो, असं म्हणाले होते. मी तेवीस वर्षांची. घरात पहिला पगार आलेला. मी केली सही. पुढच्या महिन्यात विचारलं, त्याच्या पुढच्या महिन्यात विचारलं, मग विचारायचं सोडून दिलं. म्हणजे त्या हॉलमध्ये उभी राहून मी ज्यांच्यावर संतापले होते त्यांत मीही होते. त्यानं राग कमी झाला नाही, उलट वाढला.

कारकुनाला विचारलं, हे वाटले का नाहीत? त्यानं सरळ सांगितलं, जराही न लाजता. खेड्यात लाईट टिकत नव्हती. पोरं मोडतील अशी सगळ्यांना धास्ती. मग अध्यक्ष म्हणाले, निवडणुकीनंतर कार्यक्रम घेऊन वाटू. मग अध्यक्ष वारले. मग मॉडेल जुनं झालं. शेवटी तो हळूच म्हणाला, ‘‘मॅडम, तेवढ्या चिठ्ठ्या काढून घ्या. उगं कशाला ऱ्हाव्यात.’’

‘‘माल विकला ना तुम्ही?’’ मी म्हणाले. ‘‘मग चिठ्ठीसकट विकला.’’

चाचांनी माझ्याकडं पाहिलं आणि खोकी उचलायला लागले. टेम्पोच्या दोन खेपा झाल्या. परतीच्या वाटेवर मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. खरंच वाईट वाटलं त्यांना. त्यांच्या स्वतःच्या दोन्ही मुली शाळेत हुशार होत्या. पण लोह्याच्या अलीकडं चहाला थांबलो तेव्हा ते पुन्हा धंद्यावर आले. तेही त्यांच्या जागी बरोबरच होतं.

दुकानात आणून आधी मी सुटी, पट्टी निघालेली खोकी तपासली. काहींच्या बोर्डावरचा सेल फुटून हिरवा क्षार पसरला होता. काही मॉनिटर लावले की नुसती रेघ. पण निम्म्याहून जास्त पहिल्या बटणाला उठले. पंखा घरघरला, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावली. मी पुढ्यात बसून ती अक्षरं बघितली आणि मला रडू आलं नाही, खुर्ची लाथाडावी असं वाटलं.

मग गिऱ्हाइकं. जुने कॉम्प्युटर जमवणारे शौकीन असतात, पुण्यात आहेत, बेंगळुरूत आहेत. फोटो टाकल्यावर पुण्यातल्या एकाचा फोन आला. अदबीनं बोलणारा माणूस. चालू असलेल्या मशीनचं त्याला कौतुक नव्हतं. त्याला सील न तुटलेली खोकी पाहिजे होती, त्याचे तो चौपट द्यायला तयार होता. म्हणाला, ‘‘मॅडम, यांना कुणाचा हातसुद्धा लागलेला नाही, हीच तर यांची किंमत आहे.’’

त्या बिचाऱ्याला काय माहीत. मी फोन ठेवला आणि कपाटातून कटर काढला. आमच्या गावची दहा खोकी मी बाजूला ओढली आणि एकामागून एक त्यांच्या पट्ट्या कापल्या. थर्माकोल काढला, कीबोर्डवरची पिशवी फाडली. सातव्या खोक्याला चाचा दारात आले.

‘‘बाई, हे काय करून राहिल्या? डब्बा फोडला की माल मेला.’’

मी म्हणाले, माझ्या पातीतून कापा. ते म्हणाले, सवाल पातीचा नाही, मला विचारायला पाहिजे होतं. मग मी फार बोलले. तुम्हाला सगळं भंगारच दिसतं, असंही बोलले. ते वळून निघून गेले आणि आठ दिवस दुकानाकडं फिरकले नाहीत. संस्थेवरचा राग मी समोरच्या माणसावर काढला होता. तो माणूस हक्काचा होता म्हणून.

बाकीची सीलबंद खोकी मी पुण्याच्या माणसालाच विकली. पोट आहे. फक्त चिठ्ठ्या काढल्या नाहीत. तो म्हणाला, यानं तर वस्तूला इतिहास मिळतो.

दहा उघडलेल्या मशीन राहिल्या. माझी एक विद्यार्थिनी गावातच दिली होती, तिला मी बोलावून घेतलं. वर्गात सगळ्यांत चपळ बोटं तिची होती. आता घरची शेती बघते, लेक बारावीला, आणि शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. ती आली. मी मशीन चालू करून दाखवली, चलन दाखवलं, माझी सही दाखवली. माझ्यासारखीच तीही भडकेल असं मला वाटलं होतं. तिनं कीबोर्डवर बोट ठेवून एकदा दाबलं आणि हात काढून घेतला.

‘‘बाई, आता ह्याचं मी काय करू?’’

मी म्हणाले, तुमचे होते, तुम्हाला कळायला पाहिजे होतं.

‘‘कळलं,’’ ती म्हणाली. ‘‘पण तव्हा तुम्ही कुणाला बोलल्या न्हाई.’’

ती थोडा वेळ चलन वाचत बसली. मग म्हणाली, गेल्या साली शाळेत टॅब आले म्हणतात, वीस. पोरांनी बघितले नाहीत. विचारलं की सर म्हणतात, व्यवस्थित ठेवलेत. समितीची बैठक येत्या शनिवारी होती. हा कागद घेऊन तुम्ही येता का, असं तिनं विचारलं.

मी गेले. चाचांच्या गोदामावरून जाताना थांबले आणि चुकले म्हणाले. ते आपण होऊन टेम्पो घेऊन निघाले, कारण एस.टी.ला वेळ होता.

शाळेचं नवं ऑफिस, भिंतीला लोखंडी कपाट. सध्याचे मुख्याध्यापक सर तरुण आहेत, वाईट माणूस नाही. मी चलन टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की ही माझी सही आहे, खोटी आहे, माल आला नव्हता आणि मी गप्प बसले. सर म्हणाले, तो काळ वेगळा होता. टॅबचं म्हणाल तर मुलं मोडतील म्हणून ठेवलेत.

‘‘मोडू द्या,’’ मी म्हणाले. एवढंच म्हणाले, पण बाहेर व्हरांड्यात बसलेल्या चाचांनाही ऐकू गेलं.

किल्ली घरी आहे, असं निघालं. माझी विद्यार्थिनी म्हणाली, आम्ही बसतो. पाऊण तासानं किल्ली आली. वीसच्या वीस टॅब खोक्यात होते. चार्जिंगला लावले तर सहा उठलेच नाहीत, वर्षभर पडून बॅटऱ्या गेल्या होत्या. ते सहा मी पिशवीत घालून दुकानात आणले. चाचांनी कुठून तरी बॅटऱ्या मिळवल्या. त्यातले चार चालू करून मी परत पाठवले, उरलेल्या दोन टॅबवर काम चालू आहे.

गेल्या आठवड्यात त्या शाळेतून एक टॅब आला, काच तडकलेला. सोबत सरांची चिठ्ठी, मुलांनी पाडला म्हणून. मी काच बदलली.