खाडीत हलवलेला टॉवेल

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मामाला तर नाहीच — आणि आता तो ऐकायला उरलेलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, ते माझं मलाच नीट कळत नाही. आठवण्यात गोंधळ आहे, सांगण्यातही होईल.

नव्वदनंतरची दोन-तीन वर्षं उलटली असतील. मी पनवेलला एका ऑफिसात कारकून होतो. रविवारी कामोठ्याला मामाकडे जायचो आणि त्याच्या होडीतून खाडीत. मामा जाळं टाकायचा, मी वल्ही धरायचो — म्हणजे मिरवायचो. त्याने मला एकच गोष्ट पन्नासदा शिकवली होती: मोठी लाट आली की होडीची नाळ, म्हणजे तिचं पुढचं टोक, लाटेकडे करायचं. होडी आडवी राहिली तर संपलं.

सलीम माझा शाळेतला दोस्त. सहा वर्षं आखातात बोटी चालवून परतला होता आणि आता त्याला जायचं नव्हतं. पनवेलला आई एकटी होती. येताना त्याने पायांत अडकवायची एक फळी आणली होती. बोटीला बांधलेली दोरी धरून माणूस त्या फळीवर उभा राहायचा आणि बोटीमागे उठणाऱ्या लाटेवरून उड्या मारायचा. लोक काठावर जमायचे. हेच शिकवायचं आणि इथंच पोट भरायचं, असं त्याने ठरवलं होतं. खाडीच्या रीती तो पाळायचा. जाळं टाकलेल्या होडीतून कुणी टॉवेल हलवला की लांबून जायचं — हे आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत.

त्या सकाळी दोरीला त्याचा चुलतभाऊ होता. सलीम पलीकडच्या काठाने बोट चालवत होता, नेहमीसारखा लांबून. मला ती उडी जवळून बघायची होती. की हा माझा दोस्त, असं मामाला दाखवायचं होतं? मामा पाठमोरा वाकून जाळं ओढत होता. मी गळ्यातला टॉवेल काढला आणि हलवला — आपल्याकडे, ये, ये, असा. नीट दिसावं म्हणून होडी मुद्दाम आडवी केली. सलीमने एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग वळला.

उडी सुरेख झाली. सांगायला लाज वाटते, पण ती अजून डोळ्यांसमोर आहे. तिच्यामागून लाट आली. मामा ओरडला, "आरं नाळ फिरव! नाळ!" माझ्या हातात वल्हं नव्हतं, टॉवेल होता. होडी कलंडली, मामा होडीच्या काठावर आदळला आणि त्याचा उजवा खांदा मोडला. पुन्हा त्याने कधी जाळं ओढलं नाही.

संध्याकाळी गावकरी मामाच्या अंगणात जमले. सलीम आपणहून आला होता. कुणीतरी मला विचारलं, "तू टावेल हालवलास ना? त्याला दिसला नाय का?"

हलवला, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो — आणि वर हेही म्हणालो, की लांब जा म्हणत होतो. तेवढं कुणी विचारलं नव्हतं. मग का बोललो? मामा आत कण्हत होता म्हणून? घाबरलो म्हणून? त्याचं नाव सलीम होतं आणि ते दिवस तसे होते, म्हणून माझं खोटं चटकन पटलं का — आणि ते पटणार, हे मला बोलण्याआधीच ठाऊक होतं का? कितीदा विचार केला. दर वेळी इथंच येऊन थांबतो.

त्याची बोट खाडीत दिसता कामा नये, असं ठरलं. दोन महिन्यांत त्याने परत आखात गाठलं. आई एकटीच राहिली.

जाण्याआधी तो माझ्या घरी आला. मला वाटलं, भांडेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. तो मान खाली घालून बसला. "मला खरंच वाटलं, तू बोलावतोयस," तो म्हणाला. "माझीच गफलत झाली, यार. तुझ्या मामाचा हात गेला. माफ कर."

चहा आला होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला माफ केलं.