वडगावच्या आप्पांची सिनेट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही. सांगायचं तर भारतीपासूनच सुरुवात करावी लागेल.

भारती माझी कॉलेजातली मैत्रीण. वडगावच्या विणकरांच्या घरातली, मराठी शाळेत शिकलेली. मी शेजारच्याच अनगोळची, इंग्रजी शाळेतली, चारचौघांत तोंड न उघडणारी. ती उभी राहिली की सगळा वर्ग कान देऊन ऐकायचा, हसायचा. मला ते बघवायचं नाही. वाचायचं मी आणि टाळ्या तिला — असं का?

धारवाडच्या वक्तृत्व स्पर्धेला कॉलेजातून एकीलाच पाठवणार होते. विषय होता लोकशाही, आणि तयारी आम्ही मिळून करत होतो. 'सिनेट' हा शब्द लॅटिनमधल्या 'सेनेक्स'वरून आला, सेनेक्स म्हणजे म्हातारा माणूस, आणि रोमची सिनेट म्हणजे मूळची वडीलधाऱ्यांची सभा — हे मी शोधलं होतं. जरा तोऱ्यातच तिला सांगितलं. ती लगेच म्हणाली, "मग आमच्या गल्लीत तेच की गं. भांडण झालं की म्हातारी माणसं देवळात बसत्यात. आमचा आज्जा, आप्पा म्हणत्यात त्याला, सगळ्यात थोरला. तो शेवटी बोलतोय. त्यानंच आधी तोंड उघडलं तर बाकीच्यांनी काय बोलायचं?"

माझ्या कोरड्या शब्दात तिने दोन मिनिटांत माणसं आणून बसवली. मी हसले. आतून मात्र — जळत होते.

निवडीच्या दिवशी माझा नंबर पहिला होता. मी ते सगळं बोलले. देऊळ, म्हातारी माणसं, शेवटी बोलणारे आप्पा — माझे आजोबा म्हणून. माझे आजोबा मी पाहिलेलेही नाहीत. वर्ग हसला. पहिल्यांदाच, माझ्यासाठी.

भारती सगळ्यांत शेवटी उठली. तेच देऊळ, तेच आप्पा. निवड करणाऱ्या मॅडमनी तिला मध्येच थांबवलं. "हे आत्ताच ऐकलं की. मैत्रिणीचं उचललंस व्हय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. पाहतच राहिली. मी वहीत बघत होते — कोऱ्या पानाकडे. एक वाक्य पुरलं असतं, नाही का?

ती खाली बसली.

धारवाडला मी गेले. परत आल्यावर तिने विचारलं, "कशी झाली गं स्पर्धा?"

"बरी," मी म्हटलं.

आप्पा तिचे होते. मॅडमनी विचारलं तेव्हा मला ते सांगता येत होतं. मी सांगितलं नाही.