आत्याच्या गाठीतला ब्रेक

दवाखान्याच्या बाकड्यावर किस्से आपोआप साठतात. आजारी माणूस एक आणि अक्कल पाजळणारे पाच. बीएस्सी अर्ध्यात सोडल्यापासून घरात रिकामा मीच, त्यामुळे आत्याला तासगावहून सांगलीला न्यायची ड्युटी माझी. आत्याला फुफ्फुसाचा कॅन्सर आहे.

*

पहिल्याच दिवशी तिचा मोठा भाऊ, म्हणजे आमचे रिटायर्ड सुभेदार काका, सगळ्यांसमोर म्हणाले, "खरं सांग, चोरून बिडी वडत हुतीस न्हवं?"

"दादा, बिडी तू वडायचास. धूर तेवढा माज्या वाट्याला."

"हितं हवाच येत न्हाई," म्हणत काका बाहेर गेले. ओढायला.

*

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. पेशीला 'आता वाढू नको' सांगणारा एक जीन असतो, गाडीच्या ब्रेकसारखा. आत्याच्या गाठीत तोच बिघडलाय. नाव टीपी त्रेपन्न.

"त्रेपन्न? ही कंची पल्टण?" काकांनी विचारलं.

"पहाऱ्याची समजा. पहारेकरीच झोपलाय."

काका ताठ बसले. "मग कोर्ट मार्शल करा की त्याचं."

*

इथवर हसण्यावारी नेता येतं. पण 'जीन' म्हणजे 'खानदानी' असा अर्थ काढून काकांनी वाटेतूनच नातेवाइकांना फोन लावले. आत्याच्या लेकीची, अश्विनीची, सुपारी फुटलेली. लोणंदहून तिच्या होणाऱ्या सासऱ्यांचा, बाळासाहेबांचा, निरोप आला, "जरा थांबू."

खरं तर डॉक्टरीणबाईंनी आत्याचं रक्तही तपासलं होतं. बिघाड फक्त गाठीत, तोही नंतर झालेला. रक्तात नाही, म्हणजे लेकीकडे जायचा प्रश्नच नाही. हे मी काकांना तिथंच सांगितलं होतं.

"कॉलेज सोडलेला तू, मला शिकवणार व्हय?"

"तुमी तर सातवीतच सोडलंय."

त्यानंतर काकांच्या घरी मला चहा बंद.

*

केमो सुरू झाली. अश्विनी आईच्या पायाशी बसून म्हणाली, "मला लगीन नगं. मी हितंच ऱ्हाती."

"ऱ्हाऊन काय करणार? माजी येणी घालणार?"

आत्याच्या डोक्यावर एक केस नव्हता. दोघी हसत सुटल्या, मग अश्विनी रडली.

*

शेवटी बाळासाहेब आत्याच्या घरी आले. चहा बशीत ओतत म्हणाले, "गैरसमज नगं, पर अश्विनीचं रगात एकदा तपासून घिऊ. मनाला बरं."

काकांनी मान डोलावली. मी तोंड उघडणार, तर आत्यानं माझा हात दाबला. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"तपासू की. पर एकतर्फी कशाला? तुमचं, पोराचं, तुमच्या भावांचं, आईकडचं, बापाकडचं, सगळ्यांचंच तपासू. आन् काय काय निघंल ते पावण्यारावळ्यांम्होरं मोठ्यानं वाचू."

बाळासाहेबांनी बशीतला चहा फुंकला. तो गार झाला होता, तरी परत फुंकला.

"विहीणबाई," ते म्हणाले, "लग्नाच्या दिशी उष्टी हळद घिऊन सकाळी कितीला यायचं आमी?"