भिंगरी मॅडमचं गाईड

भिंगरी मॅडमना मी बसलेलं पाहिलं ते एकदाच, आणि तेही अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकाच्या दुकानात, दुकानदारानं पुढे सरकवलेल्या स्टुलावर. एरवी ही बाई सदा उभी. वर्गात उभी हे ठीकच, पण डबा खातानाही उभी, आणि विभागाच्या मीटिंगमध्ये खिडकीला टेकून उभी. स्टाफरूममध्ये त्यांच्या नावाची खुर्ची होती, तिच्यावर त्यांची पर्स बसायची. हडपसरच्या आमच्या कॉलेजात त्या इंग्रजी शिकवायच्या. भिंगरी हे नाव मुलांनी कधी ठेवलं कोण जाणे, मी नोकरीला लागले तेव्हा ते शिपायांच्याही तोंडी होतं. मॅडमना ते माहीत होतं. "भोवरा म्हणाले नाहीत हे नशीब. तो शेवटी आडवा पडतो," असं त्या म्हणायच्या.

रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात एक प्रिंटआउट कोंबला. "अगं, हे बघ. कोल्हापूरला चर्चासत्र आहे. विषय निसर्ग आणि साहित्य. सोमवारपर्यंत सारांश मागितलाय. टाक पाठवून."

"मॅडम, माझा निसर्गाचा काही अभ्यास नाही."

"निसर्गाचाही तुझ्यावर नाही. पाठव."

मी पाठवला. तो स्वीकारला गेला, आणि मग न लिहिलेला निबंध लिहिताना माझी जी धावपळ झाली, ती या बाईंची माझ्यावरची पहिली कृपा. तेव्हापासून सकाळी स्टाफरूमचं दार उघडलं की आधी त्यांचा आवाज यायचा. कुठलं विद्यापीठ कुठल्या विषयावर परिषद भरवतंय, कुठलं नियतकालिक विशेषांक काढतंय, कुठल्या संपादकांना प्रकरणं हवी आहेत, हे सगळं त्या रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखं वाचून दाखवायच्या. मध्येच थांबून कुणाकडे तरी बोट दाखवायच्या. "देशपांडे, हे तुमचं. लिहा." देशपांडे सर चहात बिस्किट बुडवत मान हलवायचे आणि लिहायचे नाहीत.

त्या काळात आम्ही सगळेच धावत होतो, हे कबूल करायला हवं. बढतीला निबंध हवेत, परिषदांची प्रमाणपत्रं हवीत, नाव कुठेतरी छापून यायला हवं. आठवड्याभरात काहीही छापून देणारी नियतकालिकं कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवली होती. मॅडम त्यांच्या वाटेला गेल्या नाहीत. "आठवड्यात छापतात? मग वाचतात कधी?" एवढंच म्हणायच्या. त्यामुळे त्यांची बढती अडली आणि त्यांच्या मागून आलेले पुढे गेले. पण त्यांची तगमग बढतीसाठी नव्हतीच. त्यांना एकच निबंध नीट लिहायचा होता आणि तो जिथे चार जाणकार वाचतील अशा ठिकाणी छापून यायला हवा होता. तो निबंध होता गाईडवर.

गाईड म्हणजे आपलं नेहमीचंच, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात घ्यायचं, पातळ कागदाचं. वर इंग्रजी उतारा, खाली मराठी अर्थ, शेवटी 'हमखास येणारे प्रश्न'. मॅडमनी अशी जुनीपानी गाईडं बुधवार पेठेतल्या रद्दीच्या ढिगांतून वेचून एक मोठी सुटकेस भरली होती. साहेब गेल्यावर साहेबाच्या भाषेचं आणि पुस्तकांचं आपण काय केलं, या चौकशीला आमच्यात वसाहतोत्तर अभ्यास असं भारदस्त नाव आहे. मॅडमचं म्हणणं साधं होतं. "आपल्या देशानं इंग्रजी कादंबरी वाचलीच कुठे? गाईड वाचलं. खेड्यातल्या पोरांच्या लेखी तेच इंग्रजी साहित्य. मग आपण विद्वान मंडळी गाईडला हात का लावत नाही? विटाळ होतो?"

यावर आमचे विभागप्रमुख चष्मा पुसत म्हणाले होते, "मॅडम, गाईड हे साहित्य असेल, तर आपलं वेळापत्रक म्हणजे महाकाव्य. आपण जरा बसता का? बघून चक्कर येते."

"बसेन की. माझ्यावर गाईड निघेल ना, त्या दिवशी बसेन."

सगळे हसले. मीही हसले.

घोटाळा असा होता की चर्चासत्राला विषय असतो आणि निबंध त्या विषयात बसवावा लागतो. स्थलांतरावर परिषद आली की मॅडमचा निबंध 'गाईड आणि स्थलांतर' व्हायचा. पर्यावरणावर आली की गाईडच्या कागदासाठी तोडलेल्या झाडांवर दोन परिच्छेद चढायचे. स्त्रीवादाला नायिकेच्या स्वभावचित्रणाचे प्रश्न कामी यायचे. आम्ही सगळेच असं करत होतो, एकाच कापडाचं कधी झबलं तर कधी टोपडं. पण आम्हाला आमच्या कापडाचं सोयरसुतक नव्हतं. मॅडमना होतं. प्रत्येक परिषदेहून परतल्या की म्हणायच्या, "या वेळीही ते सांगायचं राहूनच गेलं गं." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी घोषणा वाचायला उभ्या.

मग पुण्यातच एक मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. विषय होता स्मृती. मॅडमचा निबंध अर्थातच 'गाईड आणि स्मृती' झाला. त्यांना वेळ मिळाली जेवणानंतरची, एका कोपऱ्यातल्या खोलीत. त्यांच्या आधीच्या तिघांनी आपापली मिनिटं खाऊन वर मॅडमचीही खाल्ली. त्या सुटकेस घेऊन उभ्या राहिल्या तोवर खाली प्रमाणपत्रं वाटायला सुरुवात झाल्याची बातमी आली आणि खोली रिकामी झाली. अध्यक्षांनी 'दोन मिनिटं' अशी चिठ्ठी सरकवली. मॅडमनी हातातले कागद बाजूला ठेवले, सुटकेस उघडली आणि एकेक गाईड वर धरून भराभर बोलत सुटल्या. त्यात स्मृतीचा शब्दही नव्हता. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

खोलीत शेवटच्या रांगेत एक वयस्क बाई उरल्या होत्या. त्या हैदराबादहून आल्या होत्या, दुसरी खोली शोधताना इथे शिरल्या होत्या आणि शिष्टाचार म्हणून थांबल्या होत्या. मागाहून कळलं की वसाहतोत्तर अभ्यासावरच्या एका जाडजूड ग्रंथाच्या त्या संपादक. त्यांनी मॅडमना दारात गाठलं. त्या इंग्रजीत जे बोलल्या त्याचा मथितार्थ असा, की ती स्मृती-बिती काढून टाका, मला नुसती गाईडं द्या, एक मार्चला निबंध हवा.

झालं. मॅडमना जे हवं होतं ते समोरून चालत आलं, आणि त्यांना पहिलं वाक्यच सुचेना! इतकी वर्षं प्रत्येक वेळी कुणीतरी विषय दिला होता. आता कुणीच दिला नव्हता. त्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालायच्या, स्कूटर चालू करून पुन्हा बंद करायच्या, माझ्याजवळ येऊन म्हणायच्या, "कुठून सुरू करू गं?" आणि उत्तराआधीच निघून जायच्या. महिना सरत आला तसा माझाच जीव खालीवर व्हायला लागला.

"होईल गं," मॅडम म्हणाल्या. "मुदत वाढवतातच. लोकाग्रहास्तव."

हा आमच्या धंद्यातला सर्वमान्य नियम. पहिली तारीख ही तारीखच नसते, खरी तारीख दोन आठवड्यांनी कळवतात. मॅडमच नव्हे, मीही त्याच भरवशावर होते. शेवटच्या दिवशी सकाळी उगाच खात्री करावी म्हणून मी हैदराबादला फोन लावला. पलीकडून संपादक बाई शांतपणे म्हणाल्या की मुदत वाढवायची त्यांच्याकडे पद्धत नाही, संध्याकाळपर्यंत वाट बघू.

त्या दिवशी कॉलेजचं स्नेहसंमेलन होतं. मैदानावर स्पीकर किंचाळत होते. मी मॅडमना स्टाफरूममध्ये घेतलं, दाराला आतून कडी घातली, कॉम्प्युटरसमोर बसले आणि म्हटलं, "सांगा. मी टाइप करते."

त्या दारापासून कपाटापर्यंत आणि कपाटापासून दारापर्यंत चालत राहिल्या. स्क्रीन कोराच. मला राग आला. सगळ्या पुण्याला लिहा-लिहा म्हणून सळो की पळो करून सोडणारी बाई ती हीच! मी जरा चिडूनच विचारलं, "मॅडम, तुम्ही पहिली इंग्रजी कादंबरी कधी वाचलीत?"

त्या थांबल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मी कादंबरी वाचली नाही, मी गाईड वाचलं."

बाहेर कुणाच्या तरी नाचाला टाळ्या पडत होत्या.

"कराडजवळच्या शाळेत शिकले गं मी. बी. ए.ला पहिला वर्ग आला तो गाईडवर. मूळ कादंबरी हातात पडली ती लग्नानंतर. आणि वाचताना सारखं वाटायचं, अरे, यात मराठी अर्थ कुठाय? हे कुणाला कसं सांगायचं? इंग्रजीची प्राध्यापक ना मी!"

"हेच पहिलं वाक्य," मी म्हटलं.

"वेडी आहेस का?"

पण तोवर मी ते इंग्रजीत टाइप केलं होतं. मॅडमनी माझ्या खांद्यावरून वाचलं, बराच वेळ वाचलं, आणि मग बांध फुटावा तशा बोलायला लागल्या. निम्मं मराठीत, निम्मं इंग्रजीत. मी हात दुखेपर्यंत बडवत राहिले. दुपारी कुणीतरी दार ठोठावलं, तर आतूनच ओरडल्या, "आम्ही नाही आहोत!" ऊन कलताना निबंध गेला.

तो ग्रंथ निघाला. कॉलेजात फार काही झालं नाही, विभागप्रमुखांनी "अरे वा, छापलं वाटतं" असं म्हणून जाड पुठ्ठ्यावर टिचकी मारली. पण पुढे एम. ए.चा अभ्यासक्रम बदलला आणि वसाहतोत्तर साहित्याच्या पेपराला मॅडमचा तो निबंध लागला. मॅडमच्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. एका दुपारी अप्पा बळवंत चौकातल्या त्यांच्या नेहमीच्या दुकानदाराचा फोन आला, "मॅडम, येऊन जावा. तुमचं काहीतरी आलंय." त्या मला स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेल्या. एवढी बेफाम गाडी त्यांनी कधी हाकली नव्हती.

दुकानदारानं काउंटरवर ठेवलं ते गाईड होतं. पिवळं मुखपृष्ठ, पातळ कागद. अनुक्रमणिकेत चौथ्या क्रमांकावर मॅडमचं नाव, आडनावात एक चूक. मॅडमनी पान उघडलं आणि खो खो हसत सुटल्या.

"अगं, हे बघ! 'लेखिका या सुप्रसिद्ध ब्रिटिश समीक्षक आहेत.' मला साहेबीण करून टाकलं मेल्यांनी!"

दुकानदार गोंधळला. "परत पाठवू का मॅडम?"

"परत? खबरदार! दोन प्रती बांधा."

मग त्यांनी पान उलटलं. वर त्यांचं पहिलं इंग्रजी वाक्य होतं आणि खाली, ठरल्याप्रमाणे, मराठी अर्थ. 'मी कादंबरी वाचली नाही, मी गाईड वाचले.' हसू थांबलं. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मी असंच म्हटलं होतं ना गं? त्या दिवशी?"

"असंच."

दुकानदारानं कशासाठी तरी स्टूल पुढे सरकवलं, आणि मॅडम बसल्या. गिऱ्हाइकांच्या ढकलाढकलीत, मांडीवर ते गाईड घेऊन, पहिल्या पानापासून शेवटच्या हमखास प्रश्नापर्यंत वाचत बसल्या. मी बाजूला उभी. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण त्यांना तसं स्वस्थ बसलेलं बघून हात धरून उठवावंसं वाटत होतं.

निवृत्तीनंतर त्या कराडला बहिणीकडे गेल्या. मी फोन करून विचारायची, "मॅडम, काय चाललंय?" त्या म्हणायच्या, "काही नाही गं. बसलेय." हे ऐकलं की मला भीती वाटायची. मी मुद्दाम परिषदांच्या घोषणा वाचून दाखवायची. त्या ऐकायच्या आणि म्हणायच्या, "तू पाठव." गेल्या वर्षी त्या गेल्या. बहिणीचा फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये होते, आणि उठून उभी राहिले ती मला पुन्हा बसवेना. अजूनही तिथे फारसं बसवत नाही. मुलांनी माझंही काहीतरी नाव ठेवलं असणार.

यंदा मी तो निबंध वर्गात शिकवायला घेतला. जवळच्या मांजरी गावाहून येणारी एक मुलगी बाकाखाली काहीतरी लपवून वाचत होती. पिवळं मुखपृष्ठ लांबूनही ओळखू आलं.

"वर काढ," मी म्हटलं. "उभी राहा आणि मोठ्यानं वाच."

ती घाबरत उभी राहिली. "मी कादंबरी वाचली नाही, मी गाईड वाचले." वर्ग फिदीफिदी हसला. तीही हसली, पण पुन्हा पुस्तकात बघायला लागली. वाचता वाचता तिनं मान वर केली.

"मॅडम, ह्या बाई खरंच इंग्लंडच्या हायत का?"

"नाही गं. कराडच्या. याच खोलीत शिकवायच्या."

तिनं एकदा गाईडकडे बघितलं, एकदा फळ्याकडे. मी बस म्हटलं तरी ती बराच वेळ उभीच राहिली.