नाबुआकाचा खड्डा आणि तेकाईची नदी

नाबुआका होडी बांधायचा, पण ती थोडी डावीकडे कलायची. मासे मारायचा, पण शेजारच्या जाळ्यात नेहमी चार जास्त लागायचे. त्याचं नाव होतं ते बाबाईसाठी. अळवाच्याच जातीचा हा कंद, पण नीट जोपासला तर माणसाच्या मांडीएवढा होतो आणि त्याची पानं डोक्यावरून जातात. आबाइआंग बेटावर लग्न असो, पाहुणा येवो, पंगतीत बाबाई नसली तर जेवण झालं असं कुणी म्हणत नाही. आणि गेली तीस वर्षं पंगतीत पहिली ठेवली जाणारी बाबाई नाबुआकाच्या घरची असायची.

त्याचा खड्डा पणज्याने खणलेला. कडक प्रवाळ फोडून पुरुषभर खोल नेलेला, तळाशी गोडं पाणी आपोआप झिरपणारा. रोपाभोवती केवड्याच्या पानांची बिनबुडाची टोपली विणायची आणि तिच्यात पाला भरत राहायचं, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण कोणता पाला, हिरवा की पिवळा, कोणत्या चांदण्यात, हे ज्याचं त्याच्या घरात राहतं. नाबुआकाच्या वडिलांनी ते थोरल्याला सांगितलं. त्या दिवशी धाकट्या तेकाईला त्यांनी नारळ आणायला पाठवलं होतं. तेकाई तेव्हा बारा वर्षांचा होता. तो लवकर परतला आणि दाराशी उभा राहिला, तेव्हा वडील बोलायचे थांबले.

वाटणीत थोरल्याला खाडीकडचा मोठा खड्डा मिळाला आणि धाकट्याला बेटाच्या मधला लहान. तेकाई शेजारच्या तारावा बेटावरच्या खलाशी शाळेत गेला, तिथून जर्मन जहाजांवर, आणि पुढे जर्मनीतच एका कारखान्यांच्या गावात राहिला. तिथलीच बायको केली. नाबुआकाने आपला खड्डा सांभाळला. भावाच्या खड्ड्यात मात्र त्याने कधी पाऊल ठेवलं नाही. दुसऱ्याच्या खड्ड्यात उतरायचं नाही, कडेला उभं राहून वाकून बघायचंही नाही, ही इथली रीत. रस्त्याने जाताना खड्डा आला की माणसं मान वळवून जातात.

दोन वर्षांपूर्वी पौर्णिमेच्या भरतीला वारा मिळाला आणि समुद्र रस्ता ओलांडून खड्ड्यात आला. चार तास राहिला आणि गेला. नाबुआकाने खड्ड्यातलं पाणी बादल्यांनी उपसलं, पावसाचं साठवलेलं ओतलं, नवा पाला घातला. तरी महिन्याभरात पानांच्या कडा पिवळ्या पडल्या. मग त्याने खड्ड्याभोवती चटया उभ्या केल्या. वाऱ्यासाठी, असं लोकांना सांगितलं. रोज सकाळी तो पिवळी पानं कापून खाली पुरायचा आणि घरी येताना शेजारच्या कायताराच्या खड्ड्यावरून मान वळवायला थोडा उशीर करायचा. कायताराची पानं हिरवीगार दिसत. 

अशात सभाघराचं नवं छप्पर पुरं होत आलं आणि पंगत ठरली. त्या पंगतीसाठी अकरा वर्षांनी तेकाई आला. केस पांढरे, पोट सुटलेलं, पायात चामड्याचे बूट.

रोज दुपार कलली की म्हातारे सभाघरात जमत आणि तेकाईला बोलतं करत. खलाशांच्या गोष्टी त्यांनी पुष्कळ ऐकल्या होत्या. ही वेगळी होती.

"आमच्या गावातून नदी जाते," तेकाई सांगायचा. "मी गेलो तेव्हा काळी होती. काळी म्हणजे डांबरासारखी. खाणी, पोलादाच्या भट्ट्या, माणसांची घाण, सगळं तिच्यात. शंभर वर्षं. दोन्ही काठांना काँक्रीट आणि वर कुंपण. लेकरं काठावर जाऊ नयेत म्हणून."

"आणि तुम्ही तिथं राहायचात?" कायताराने विचारलं.

"राहायचो. खिडक्या बंद करून."

"हा दर्या सोडून तिकडे वास घ्यायला गेला," कायतारा म्हणाला आणि सगळे हसले. नाबुआका सगळ्यांत मोठ्याने हसला.

"पण ऐका तर," तेकाई म्हणाला. "आता ती स्वच्छ आहे. जमिनीखालून घाणीची वेगळी वाट काढली, तीस वर्षं खपले. मी त्याच कामावर आहे, पाणी शुद्ध करायच्या ठिकाणी. काँक्रीट फोडलं. आता काठाला गवत आहे, बगळे येतात. मागच्या वर्षी माझ्या नातीने त्यात मासा बघितला आणि मला कामावर फोन केला."

कुणी हसलं नाही. म्हाताऱ्यांनी जीभ टाळ्याला लावून कौतुकाचा आवाज काढला. तोच आवाज, जो बाबाई कापल्यावर नाबुआकासाठी निघायचा. नाबुआका खांबाला टेकून बसला होता, तो सरळ झाला.

"मासा केवढा होता?" त्याने विचारलं.

"बोटाएवढा, दादा."

"बोटाएवढा! आमच्याकडे तेवढे आम्ही आमिषाला लावतो."

लोक हसले, पण हसून पुन्हा तेकाईकडेच वळले. घाण कुठे जाते, कारखानेवाले ऐकतात का, कचरा टाकला तर काय करतात.

"दंड करतात," तेकाई म्हणाला. "आणि राग मानू नका, पण इथं काठावर काल मी डबे, पिशव्या, लेकरांचे लंगोट बघितले. ते काही जर्मनीतून वाहत आलेले नाहीत."

नाबुआका उठून घरी आला.

"आमच्या घाणीवर बोलतो," तो ताबेताला म्हणाला. ताबेता त्याची बायको. ती मासे खारवत होती. "ज्यांनी शंभर वर्षं नदीत शेण कालवलं त्यांच्याकडे राहून हा आम्हाला शिकवणार."

"खोटं कुठं बोलला? डबे आहेतच. त्यातले दोन तुमचे."

"तू त्याच्या बाजूने बोल."

"तुमच्या बाजूला बसायला जागा असती तर तिथून बोलले असते. दोन वर्षं झाली, तुम्ही चटयांच्या आत जाऊन बसता. पंगतीत काय नेणार आहात?"

नाबुआकाच्या खड्ड्यात एकच जुनं रोप उरलं होतं, नऊ वर्षांचं. त्याचं पान अजून उभं होतं. तीच पहिली बाबाई होणार होती, आणि नाही झाली तर तीस वर्षांत पहिल्यांदा सभाघरात त्याच्या घराण्याच्या खांबापुढची चटई रिकामी राहणार होती. कंद कसा आहे हे जमीन उकरल्याशिवाय कळत नाही आणि पंगतीच्या आदल्या दिवसाआधी उकरायचं नसतं. पण खरं म्हणजे त्याला बघायचंच नव्हतं.

तेकाईने एक छोटं यंत्र आणलं होतं, पेनाएवढं. पाण्यात बुडवलं की खारेपणाचा आकडा दाखवायचं. तो घरोघर विहिरींचं पाणी तपासत फिरू लागला. बायका त्याला बोलावून नेत, खोबरं आणि गोड माडी देत. तो नाबुआकाच्या अंगणात आला तेव्हा नाबुआका म्हणाला, "आमच्याकडे नको. आमचं पाणी आम्ही जिभेने ओळखतो."

पंगतीच्या आदल्या सकाळी तेकाई पुन्हा आला. या वेळी तो उंबऱ्याशी मांडी घालून बसला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "दादा, बुबुती मागतो."

ताबेता मासे साफ करत होती, तिचा हात थांबला. सख्ख्याने किंवा नात्यातल्याने बुबुती म्हणून मागितलं की नाही म्हणता येत नाही. होडी मागितली तर होडी द्यायची, अंगातला सदरा मागितला तर सदरा. नाही म्हणणाऱ्याचं नाव गाव लवकर विसरत नाही.

"माग," नाबुआका म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"तुझ्या खड्ड्यात मला उतरू दे."

दोघे चटया बाजूला करून खाली उतरले. पाणी घोट्याएवढं होतं आणि इतकं नितळ की तळाचा प्रवाळ मोजता यावा. तेकाईने यंत्र बुडवलं, आकडा बघितला आणि दादाला दाखवला. नाबुआकाने बघितलं नाही. त्याने काठी घेतली आणि नऊ वर्षांच्या रोपाच्या मुळाशी उकरायला सुरुवात केली. कंद वर आला तो अर्धाच. खालचा भाग हाताला लागताच बोटं आत गेली. वास आला.

नाबुआकाने हात पाण्यात बुडवून धुतला.

"हे पाणी बघ," तो म्हणाला. "काळं आहे? वास येतो? कुणी भट्टी लावली इथं? तुझी नदी डांबरासारखी होती, तरी तिला धुता आलं. माझं काय धुऊ? धुणार तरी कशाने, समुद्राने?"

"दादा..."

"त्या तुझ्या नातीचा मासा. बोटाएवढा. माझ्या पोटात इतकं जळलं की त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मी तुला बुबुती मागितली, तुझी नदी दे म्हणून, तर देशील? घाण असतानाची दे. आम्ही धुऊन घेऊ. निदान धुण्यासारखं काहीतरी दे."

तेकाईने बूट वर काढून ठेवले होते. तो प्रवाळावर पाय सांभाळत उभा होता.

"नदी नाही देता येत," तो म्हणाला. "खड्डा देता येतो. माझा. मधला. काल मी तिथं उतरलो होतो. पाणी गोड आहे."

नाबुआकाने मान वर केली. भावाचा खड्डा त्याच्या घरापासून दोनशे पावलांवर होता. दोन वर्षं तो आपल्या रोपांना मरताना बघत बसला होता, आणि दोनशे पावलांवर गोडं पाणी कुणाच्याही हाताविना पडून होतं. तो कधी वाकलाच नव्हता. आनंद व्हायला हवा होता. पण त्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की हेसुद्धा याच्याच वाट्याला यायचं होतं.

"काही उगवलंय तिथं?" त्याने विचारलं.

"वडिलांनी लावलेल्या रोपांची पोरं आहेत. रानटी झालीत. एक बरी आहे."

ती त्यांनी संध्याकाळी उकरली. कोपराएवढी, वाकडी, पण टणक.

दुसऱ्या दिवशी नव्या छपराखाली गाव बसलं. नाबुआका आपल्या खांबाशी बसला, आणि पुढच्या चटईवर ती वाकडी बाबाई उकडून ठेवली होती. कायताराने सुरी चालवली, पहिला तुकडा तोंडात घातला आणि टाळ्याला जीभ लावून आवाज केला.

"लहान आहे," तो म्हणाला, "पण गोड आहे. नाबुआकाच्या खड्ड्याचं पाणी अजून गोड आहे, बाबांनो."

लोकांनी आवाज केला. इथं गप्प बसलं असतं तरी चाललं असतं, कुणी विचारायला आलं नसतं. तेकाईही जेवणाकडे बघत होता, एक शब्द बोलत नव्हता. त्याचं ते गप्प राहणंच नाबुआकाला सहन झालं नाही. माझं नावही मी याच्याकडून बुबुती म्हणून घ्यायचं काय?

"माझ्या खड्ड्यातली नाही," तो म्हणाला. "तेकाईच्या खड्ड्यातली आहे. माझा खड्डा खारा झालाय. दोन वर्षं झाली."

 मग कायताराने सुरी खाली ठेवली.

"दोन वर्षं?" तो हळू म्हणाला. "माझा तर चौदा महिने झाले."

"तुझी पानं हिरवी दिसतात!"

"कडेची दोन रोपं पत्र्याच्या डब्यांत लावलीत. पावसाच्या पाण्यावर. रस्त्यावरून तेवढीच दिसतात." मग त्याला हसू आलं. "मी तुझ्या चटया बघून जळायचो रे. म्हणायचो, आत काय सोनं लपवलंय याने."

आणखी दोघे खाली बघून जेवू लागले. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

तेकाई जायच्या आदल्या दिवशी दोघे भाऊ मधल्या खड्ड्यात तण काढत होते. कायताराने डब्यांतल्या रोपांचे दिलेले चार कोंब लावायचे होते. त्यांची बाबाई व्हायला आठ-दहा वर्षं, आणि नाबुआका सदुसष्टचा.

"दादा, आता मी एक मागू?" तेकाई म्हणाला.

"मला विचारून कधीपासून मागायला लागलास?"

"पाल्याचं सांग. बुबुती म्हणून. त्या दिवशी मी दाराशी उभा होतो, आठवतं? नारळ घेऊन. चाळीस समुद्र फिरलो, पण त्या दारातून काही मी आत आलो नाही. तिकडे लोक मला पाण्यातला माणूस म्हणतात, मान देतात. आणि मी रात्रंदिवस विचार करतो, वडिलांनी दादाला काय सांगितलं असेल."

नाबुआकाने त्याच्याकडे बघितलं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की जळतो तो एकटाच. भावाच्या जहाजांवर, फोटोंवर, त्या नदीवर. त्याला फार बरं वाटलं. इतकं बरं त्याला दोन वर्षांत वाटलं नव्हतं.

तो खाली बसला आणि सांगू लागला. कोणता पाला हिरवा तोडायचा, कोणता गळून पडल्यावर उचलायचा, कोणता उन्हात तीन दिवस आणि कोणता सावलीत. टोपली कधी भरायची, कधी उपाशी ठेवायची. तेकाई ओठ हलवत पाठ करत होता, शाळेतल्या मुलासारखा. एकदा त्याने मागे म्हणूनही दाखवलं. नाबुआकाने दोन चुका दुरुस्त केल्या.

"एवढंच?" तेकाईने विचारलं.

"एवढंच," नाबुआका म्हणाला.

एक पाला त्याने सांगितला नाही. तो माझ्याकडेच राहू दे, असं त्याने ठरवलं, आणि पहिला कोंब चिखलात दाबला.