साल्हेरची वाट, सालोट्याचा माथा

सकाळी साडेसहाला वाघांब्यात ह्यांनी गाडी लावली, सीट मागे केली आणि मला हात हलवला. नाशिकहून आम्ही अंधारातच निघालो होतो. माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये बारा लिटर पाणी होतं. मोठ्या मोहिमांना जाणारे सरावाला असंच करतात. चढताना वजन म्हणून पाणी न्यायचं आणि माथ्यावर ओतून द्यायचं, म्हणजे उतरताना गुडघे वाचतात.

हिमाचलातल्या सहा हजार मीटरच्या शिखरावर जाणाऱ्या तुकडीत एकच जागा उरली होती आणि बावन्नाव्या वर्षी मला ती हवीच होती. तुकडीचा नेता संदीप माझा जुना विद्यार्थी. शाळेत मी त्याला भूगोल शिकवला. एकदा त्याने नकाशावर उत्तर दिशाच दाखवली नाही, तर मी सगळे गुण कापले. पोरगं रडलं होतं. आता परीक्षा घ्यायची पाळी त्याची होती.

‘‘बाई, वजन घेऊन तीन तासांत साल्हेर. माथ्यावरच्या परशुरामाच्या देवळाचा फोटो पाठवा,’’ एवढंच त्याने सांगितलं होतं.

साल्हेर हा राज्यातला सगळ्यात उंच किल्ला. शेजारी सालोटा, मध्ये खिंड. खिंडीत पोहोचले तर धुक्यात दहा पावलांपुढचं दिसेना. दोन्ही बाजूंना वाटा फुटत होत्या. फोन सॅकच्या तळाशी, पाण्याच्या कॅनखाली. कोण काढणार? एवढी वर्षं पोरांना दिशा शिकवल्या, त्या मी फोनला विचारू? तोऱ्यातच एक वाट धरली.

वाट भलतीच अंगावर आली. मग कातळातल्या पायऱ्या आल्या, दरवाजा आला. सगळं ऐकल्यासारखंच होतं. माथ्यावर टेकले तेव्हा घड्याळात दोन तास चाळीस मिनिटं! मी आनंदाने सगळं पाणी ओतून दिलं आणि देऊळ शोधायला लागले. देऊळ नव्हतं. एक फेरी मारली, मग उलटी मारली. देवळाला काय पाय फुटले?

धुक्यातून विळा घेतलेली एक बाई आली. गवत कापत होती.

‘‘काय शोधी राह्यनात, ताई?’’ (काय शोधताय?)

‘‘परशुरामाचं देऊळ.’’

ती तोंडाला पदर लावून हसली. ‘‘ते साल्हेरवर शे. हाऊ तं सालोटा!’’

तेवढ्यात धुकं विरलं. खिंडीपलीकडे, आमच्यापेक्षा उंचावर, ते एवढंसं देऊळ दिसलं. मी मटकन बसले. तिने नागलीची अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्या हातावर ठेवला. ओलं गवत आणि रिकामे कॅन बघून म्हणाली, ‘‘वर टाकं भरेल शे. खालतीन पाणी कसाले आनं?’’ (वर टाकं भरलेलं आहे. खालून पाणी कशाला आणलं?)

‘‘वजनासाठी.’’

‘‘वजन कसाले?’’

रिकामी सॅक घेऊन समोरच्या साल्हेरवर गेले असते तर संदीपला कळलंही नसतं. पण मनाला पटेना. तिच्याच मदतीने टाक्यातून सगळे कॅन पुन्हा भरले. तिने मला ठार वेडी ठरवलं असणार.

सालोटा उतरून साल्हेर चढले. देवळापाशी पोहोचेपर्यंत सव्वापाच तास झाले होते. फोटो काढला, पाणी ओतलं, खाली आले. गाडीतून परतताना सटाण्याजवळ फोनला रेंज आली, फोटो आणि लागलेला वेळ कळवला आणि लगेच संदीपचा फोन आला.

‘‘बाई, सव्वापाच तास? गुडघा धरला का? तसं असेल तर पुढच्या रविवारी पुन्हा जा.’’

शेजारून हे ‘हो म्हण, हो म्हण’ अशी मान हलवत होते.

‘‘गुडघा ठणठणीत आहे रे. मी आधी सालोटा चढले. मला तोच साल्हेर वाटला.’’

त्याने विचारलं, ‘‘धुक्यात फोन काढून दिशा बघितली नाहीत?’’

‘‘नाही.’’

‘‘मग मला नाही नेता येणार तुम्हाला, बाई. तिथे बर्फ असतो.’’

देवळा गाव येईपर्यंत मी गाडीत रडले. दोन डोंगर वजनासकट चढलेली बाई नापास कशी, ते डोक्यात शिरेना. खोटं का बोलले नाही, तेही कळेना. संदीपचा राग यावा म्हणून खूप प्रयत्न केला. पण सारखा त्याचा तो नकाशाच आठवत राहिला. निळ्या नद्या, तपकिरी डोंगर, सगळं सुबक, फक्त दिशा नाही. त्यावरचं लाल शाईतलं शून्य माझं होतं, आणि तो नकाशा आज समोर आला असता तरी मी शून्यच दिलं असतं.